संशयाच्या छायेंतील निष्ठा

ठाण्याच्या नौपाड्यांतून मासुंदा तलावाकडे आलें म्हणजे थोड्याशा अंतरावर कौपिनेश्वराचें देवालय आणि सेंट जॉन बाप्तिस्त याच्या नांवाचें ख्रिस्ती प्रार्थनामंदिर अशीं दोन श्रद्धास्थानें दृष्टीस पडतात. दोन्हीकडे घंटा वाजतात, दोन्हीकडे सकाळसंध्याकाळ माणसें हात जोडतात. गांवकऱ्यांना या शेजाराचें कांहींच नवल वाटत नाहीं. परंतु या परगण्यांतील ख्रिस्ती निष्ठेचा इतिहास किती जुना आहे, आणि त्यांत निश्चयाबरोबर संशयाचा व धैर्याबरोबर एकाकीपणाचा केवढा वांटा आहे, याची माहिती सुशिक्षित कुटुंबांतहि सहसा आढळत नाहीं.

श्रद्धा म्हणजे संशयाचा पूर्ण अभाव, अशी सर्वसाधारण समजूत असते. ज्याच्या मनांत एकहि शंका उठत नाहीं तो श्रद्धावान्, व ज्याच्या मनांत शंका उठते तो डळमळीत, असा सोपा हिशेब आपण मांडून ठेवतों. पण इतिहासाला हा हिशेब मान्य नाहीं. ज्यांनीं आपल्या निष्ठेसाठीं सर्वांत मोठी किंमत दिली, त्यांपैकीं कित्येकांचें मन आयुष्यभर शंकांनीं पोखरलें जात होतें. त्यांनीं शंका लपविल्या नाहींत व निष्ठाहि सोडली नाहीं. हें त्यांना कसें साधलें, हा प्रश्न केवळ ख्रिस्ती समाजापुरता नाहीं. ज्याला कोणत्याहि गोष्टीवर मनापासून विश्वास ठेवून जगावयाचें आहे, त्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

भारतांतील ख्रिस्ती परंपरा आपला आरंभ ज्या शिष्यापासून सांगते, तो थोमा नेमका संशयाबद्दलच प्रसिद्ध आहे. गुरु मरणांतून उठल्याची वार्ता इतर शिष्यांनीं सांगितली असतां, जखमांच्या खुणा डोळ्यांनीं पाहिल्यावांचून व हातानें चाचपल्यावांचून विश्वास ठेवणार नाहीं, असें त्यानें सांगितल्याची कथा योहानाच्या शुभवर्तमानांत आहे. हाच थोमा इसवी सन ५२ मध्यें मलबारच्या किनाऱ्यावर उतरला, अशी तिकडील ख्रिस्ती लोकांची पिढीजात श्रद्धा आहे. इतिहासकारांनीं या परंपरेची कितीहि चिकित्सा केली, तरी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे : संशयी म्हणून ज्याची ओळख, त्याला या लोकांनीं आपला आद्य गुरु मानलें, आणि त्यांत त्यांना कमीपणा वाटला नाहीं.

ठाणें-कल्याण प्रांताचा उल्लेखहि या इतिहासांत फार लवकर येतो. सहाव्या शतकाच्या मध्यास कॉस्मस नांवाच्या एका ग्रीक लेखकानें आपल्या ग्रंथांत ‘कल्लियाना’ या बंदरीं इराणांतून दीक्षा घेऊन आलेला एक बिशप असल्याचें लिहून ठेवलें आहे. हें कल्लियाना म्हणजे उल्हास नदीच्या कांठचें आपलें कल्याण होय, असें अनेक अभ्यासकांचें मत आहे. म्हणजे पोर्तुगीजांचें गलबत या किनाऱ्याला लागण्यापूर्वीं सुमारें एक हजार वर्षें येथें ख्रिस्ती वस्ती होती. ही वस्ती व्यापाऱ्यांची असावी. राजसत्तेचें पाठबळ तिला नव्हतें.

त्यानंतरचा मोठा प्रसंग खुद्द ठाण्यांत घडला. इसवी सन १३२१ मध्यें फ्रान्सिस्कन पंथाचे चार धर्मबंधु इराणच्या आखातांतील होर्मुझहून गलबतानें निघाले. टोलेंटिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि टिफ्लिसचा दिमित्रियस अशीं त्यांचीं नांवें. त्यांना जावयाचें होतें दक्षिणेस कोल्लमला; पण गलबत ठाण्याच्या बंदरांत आलें. त्यांच्याबरोबर जोर्दानुस नांवाचा दक्षिण फ्रान्समधील एक डोमिनिकन धर्मोपदेशकहि होता. त्या वेळीं ठाण्यांत नेस्टोरियन पंथाच्या ख्रिस्ती लोकांचीं पंधरा घरें होतीं, असें पुढें लवकरच येथें आलेल्या ओडोरिक या प्रवाशानें नमूद केलें आहे. अशाच एका घरीं या पाहुण्यांची उतरण्याची सोय झाली. जोर्दानुस सोपारें व भडोच यांच्या बाजूस गेला असतां इकडे एका घरगुती भांडणाचें निमित्त होऊन हे चौघे काजीसमोर उभे राहिले. तेथें धर्मविषयक वाद झाला, प्रश्नोत्तरें वाढत गेलीं आणि एप्रिल महिन्यांत चौघांनाहि देहान्त शिक्षा झाली. तो काळच असा होता कीं, युरोपांत काय किंवा आशियांत काय, धर्मवादाचा शेवट पुष्कळदां तरवारीनें होत असे.

या चौघांची कथा युरोपभर पसरली. ओडोरिकानें त्यांच्या अस्थि उचलून थेट चीन देशापर्यंत नेल्या. टोलेंटिनोच्या थॉमसला १८९४ सालीं रोमन चर्चनें ‘धन्य’ म्हणून घोषित केलें. परंतु या चौघांपेक्षां मागें राहिलेल्या पांचव्याची कथा आपल्या विषयाच्या दृष्टीनें अधिक मोलाची आहे. मरणाऱ्यांचा निश्चय एका दिवसांत कसाला लागला. मागें उरलेल्याला तो रोज नव्यानें करावा लागला.

जोर्दानुस परत आला तेव्हां त्याचे सोबती गेले होते. त्यानें त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन पुरले आणि तो या किनाऱ्यावर एकटा राहिला. त्याचीं दोन पत्रें उपलब्ध आहेत. पहिलें १३२१ च्या ऑक्टोबरांत काठेवाडच्या घोघा बंदराहून लिहिलेलें; दुसरें सुमारें सव्वादोन वर्षांनीं ठाण्याहून लिहिलेलें. हें दुसरें पत्र म्हणजे आपल्या ठाण्यांत बसून एका परदेशी, कंगाल व आजारी माणसानें मांडलेली स्वतःची कैफियत आहे. चांच्यांनीं धरलें, तुरुंगांत पडलें, खोटे आळ आले, अंगावर धड वस्त्र उरलें नाहीं, भूक व तहान सोसली, तापानें व अंगदुखीनें शरीर खिळखिळें झालें, असें तो सांगतो. त्याहून जिव्हारीं लागणारी गोष्ट ही कीं, त्याच्यावरून येथील ख्रिस्ती लोकांतच फूट पडली होती. या पत्रांत विजयाचा डौल नाहीं. आहे ती एकच मागणी : सोबतीला कोणी तरी पाठवा. तरीहि त्याच पत्रांत तो हिशेब देतो कीं, भडोचेस नव्वदांच्या आसपास, नंतर आणखी वीसांहून अधिक, आणि ठाणें ते सोपारें या टापूंत पस्तीस जणांना आपण बाप्तिस्मा दिला. दुःखाची यादी व कामाची यादी एकाच कागदावर आहे. एकीमुळें दुसरी खोडली गेलेली नाहीं. पुढें १३२९ सालीं जोर्दानुसची कोल्लमचा बिशप म्हणून नेमणूक झाली. त्यानें हिंदुस्थानाविषयीं एक छोटें पुस्तकहि लिहिलें. ज्या देशांत त्याचे सोबती मारले गेले, त्याच देशांतील लोकांच्या सत्यवचनाची व न्यायबुद्धीची त्यानें त्यांत वाखाणणी केली आहे. एवढ्या हालअपेष्टांनंतरहि त्याचें मन कडवट झालें नाहीं, ही त्याच्या निष्ठेची खरी खूण होय.

पुढें १५३४ च्या तहानें वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या हातीं गेलीं आणि या भागांतील ख्रिस्ती धर्माला राजसत्तेचा आश्रय मिळाला. राजाश्रयाच्या काळांत धर्मांतरें पुष्कळ झालीं, देवळें पडलीं व चर्चें उभीं राहिलीं. त्या काळांतील जुलमाचीहि नोंद इतिहासानें ठेवली आहे. परंतु निष्ठेची कसोटी आश्रय असतांना लागत नाहीं. तो गेल्यावर लागते. १७३७ सालीं मराठ्यांनीं ठाणें घेतलें व १७३९ च्या मे महिन्यांत चिमाजीअप्पांच्या सैन्यापुढें वसईचा किल्ला शरण आला. शरणागतीच्या कलमांत ख्रिस्ती रहिवाशांच्या धर्माचरणाला मोकळीक देण्यांत आली. पण पोर्तुगीज धनी गेले व त्यांच्याबरोबर गोरे पाद्रीहि गेले. साष्टीच्या व वसईच्या शेतकरी, कोळी व कारागीर ख्रिस्ती कुटुंबांपुढें तेव्हां मोठा प्रश्न उभा राहिला असला पाहिजे. ज्यांच्यामुळें आपण ख्रिस्ती झालों ते गेले. मग आतां आपण कोण? या प्रश्नाचें उत्तर त्यांनीं ग्रंथ लिहून दिलें नाहीं. एतद्देशीय पाद्र्यांच्या मदतीनें त्यांनीं आपलीं प्रार्थनामंदिरें, सण व लग्नविधि चालू ठेवले, घरांत मराठीचीच बोली बोलली, आणि १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं ठाणें घेतलें तेव्हां हा समाज आपल्या जागीं होता. हेच लोक १८८७ पासून स्वतःला ‘ईस्ट इंडियन’ म्हणवूं लागले. शिकवणाऱ्याच्या बळावर आलेली श्रद्धा तो निघून गेल्यावरहि टिकली, तेव्हांच ती त्यांची स्वतःची झाली.

मराठी भाषेंत ख्रिस्ती श्रद्धेचा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचें ‘क्रिस्तपुराण’. १६१६ सालीं गोमांतकांतील रायतूर येथें तें छापलें गेलें. सुमारें अकरा हजार ओव्यांच्या या पुराणांत श्रोत्यांपैकीं ब्राह्मण उठून प्रश्न विचारतो व पाद्री त्याला उत्तर देतो, अशी योजना आहे. ही योजना आपल्या पुराणांच्या वळणाची तर आहेच. पण तींत प्रश्न विचारणाऱ्याला सभेंत मानाचें स्थान आहे, हें विशेष. मात्र या ओव्यांतील प्रश्नकर्त्याला उत्तर मिळतें व त्याचें समाधान होतें. ज्याचें समाधान सहजासहजीं झालें नाहीं असा प्रश्नकर्ता महाराष्ट्राला एकोणिसाव्या शतकांत मिळाला. त्याचें नांव नीळकंठशास्त्री गोऱ्हे.

नीळकंठशास्त्र्यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८२५ रोजीं झांशीजवळ काशीपुरा येथें एका चित्तपावन घराण्यांत झाला. कुटुंब काशींत स्थायिक झालेलें. घरांत विद्या व प्रतिष्ठा दोन्ही होतीं. तरुण वयांतच नीळकंठ न्यायशास्त्रांत पारंगत झाले. १८४४ च्या सुमारास काशींत विल्यम स्मिथ नांवाचे मिशनरी उपदेश करीत असत. त्यांचा वादांत पराभव करावा या हेतूनें हा एकोणीस वर्षांचा पंडित त्यांच्याकडे गेला. जॉन म्यूर यांच्या ‘मतपरीक्षा’ या संस्कृत पुस्तकाला त्यांनीं ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ नांवाचें संस्कृत पद्यांतच उत्तर लिहिलें. त्यांतील आक्षेप आजहि वाचण्यासारखे आहेत. न्यायी ईश्वर अल्पकाळाच्या पापाला अनंतकाळची शिक्षा कशी देईल? पूर्वजन्म मानला नाहीं तर जन्मांध बालकाच्या दुःखाचा उलगडा कसा करावयाचा? निरपराध पशूंनीं दुःख कां भोगावें? हे आक्षेप पोरकट नव्हते. ख्रिस्ती विचारवंतांनाहि ते शतकानुशतकें सतावीत आले आहेत.

परंतु ज्या ग्रंथांचें खंडन करावयाचें ते वाचतां वाचतां वाचणाऱ्याचेंच मन पालटूं लागलें. चार वर्षें ही ओढाताण चालली. घरच्यांचा शोक, आप्तांचा रोष आणि स्वतःच्या मनांतील शंका यांच्यामधून वाट काढीत अखेर १४ मार्च १८४८ रोजीं जौनपूर येथें त्यांनीं बाप्तिस्मा घेतला व ‘नेहेम्या’ हें नांव धारण केलें. पत्नी लक्ष्मीबाई त्यांना येऊन मिळाल्या, परंतु १८५३ मध्यें त्या वारल्या. तान्ही मुलगी एलन परक्या घरीं वाढली. म्हणजे वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षीं या माणसाजवळ ना जुनें घर राहिलें, ना नवें.

इतकी किंमत दिल्यावर तरी मन निर्धास्त व्हावें. पण तसें झालें नाहीं. १८५४ सालीं महाराजा दुलीपसिंग यांच्याबरोबर ते इंग्लंडास गेले. ख्रिस्ती राष्ट्र म्हणजे जणूं पृथ्वीवरील देवाचें राज्य, अशी कल्पना घेऊन गेलेल्या या विरक्त पुरुषाला लंडनचें वैभव, गडबड व उदासीनता पाहून जबर धक्का बसला. ऑक्सफर्ड येथें त्यांची मॅक्सम्युल्लर यांच्याशीं भेट झाली. हाच जर ख्रिस्ती धर्म असेल तर आपण परत जावें हें बरें, अशा आशयाची व्यथा त्यांनीं बोलून दाखविल्याची आठवण मॅक्सम्युल्लर यांनीं लिहून ठेवली आहे. तरीहि नीळकंठशास्त्री परतले ते ख्रिस्ती म्हणूनच. अनुयायी खोटे निघाले म्हणून गुरु खोटा ठरत नाहीं, एवढा विवेक त्यांच्या न्यायशास्त्रानें त्यांना शिकविला होता.

१८६० मध्यें त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला व दोनच वर्षांत त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. हिंदु दर्शनांवरील त्यांची टीका सर्वांना पटली नाहीं, पटण्याचें कारणहि नाहीं. परंतु प्रतिपक्षाचे मूळ संस्कृत ग्रंथ वाचून लिहिलेली ती टीका होती, हें विरोधकांनाहि नाकारतां आलें नाहीं. १८७० सालीं त्यांना पुरोहितदीक्षा मिळाली. १८७६ सालीं ऑक्सफर्डजवळील कौली येथील सेंट जॉनच्या संघांत त्यांनीं उमेदवारी पत्करली. पुढें पुणें, मुंबई व पंढरपूर या बाजूस त्यांनीं काम केलें. राहणी अत्यंत साधी, अन्न मोजकें, जवळ पैसा नाहीं. संघाच्या आजन्म व्रताची शपथ मात्र त्यांनीं शेवटपर्यंत घेतली नाहीं.

या साऱ्या काळांत शंकांनीं त्यांची पाठ सोडली नाहीं. गार्डनर यांनीं १९०० सालीं लिहिलेल्या त्यांच्या चरित्रांत ही गोष्ट कोठेंहि झांकलेली नाहीं. तारुण्यांत ज्या अनंत शिक्षेच्या सिद्धान्तावर त्यांनीं हल्ला चढविला होता, त्याच सिद्धान्ताच्या समर्थनार्थ पुढें त्यांना स्वतंत्र निबंध लिहावा लागला. आपल्याच जुन्या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला! नैयायिकाची बुद्धि धार लावलेल्या सुरीसारखी असते. ती शत्रूचा पदर कापते तशी धन्याचें बोटहि कापते. एकट्या बुद्धीवर भार टाकून स्वस्थता मिळत नाहीं असें अनुभवास आल्यावर ते चर्चच्या प्राचीन परंपरेचा, नित्य उपासनेचा व पवित्र भोजनाच्या विधीचा अधिकाधिक आधार घेऊं लागले. कोणी याला बुद्धीची शरणागति म्हणेल. परंतु रोगी वैद्यास शरण जातो, तेव्हां तो विचार करणें सोडीत नाहीं. आपल्या विचाराची मर्यादा ओळखतो. गोऱ्ह्यांनीं वाद करणें कधींच थांबविलें नाहीं. प्रार्थनासमाजाच्या मंडळींशीं त्यांचे वाद पुणें-मुंबईंत गाजले. फक्त वाद संपेपर्यंत जगणें थांबवावयाचें नाहीं, हें त्यांनीं ठरवून टाकलें होतें. २९ ऑक्टोबर १८९५ रोजीं मुंबईंत त्यांचें देहावसान झालें, तेव्हां बाप्तिस्म्याला सत्तेचाळीस वर्षें होऊन गेलीं होतीं. सत्तेचाळीस वर्षें शंकेबरोबर राहून न ढळणें, याला डळमळीतपणा कोण म्हणेल?

अशा माणसाच्या शब्दाला एक विशेष वजन असतें. त्याचा अनुभव पंडिता रमाबाईंना आला. २३ एप्रिल १८५८ रोजीं जन्मलेल्या रमाबाईंनीं आईबाप, बहीण, भाऊ व पति या सर्वांचे मृत्यु वयाच्या चोविसाव्या वर्षापूर्वींच पाहिले होते. दुष्काळांत तीर्थोतीर्थीं फिरत असतां केलेल्या व्रतवैकल्यांचा उपयोग झाला नाहीं, ही सल त्यांच्या मनांत खोल रुतली होती. १८८२ मध्यें त्या पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला, आणि तेथेंच त्यांची गोऱ्ह्यांशीं गांठ पडली. पुढें त्या इंग्लंडास गेल्यावर ख्रिस्ती धर्माच्या प्रामाण्याविषयीं गोऱ्ह्यांनीं मुंबईहून लिहिलेल्या प्रदीर्घ पत्रानें आपल्या शंकांचें निरसन झालें, असें रमाबाईंनीं स्वतः कबूल केलें आहे. म्हणजे ज्याला स्वतःला शंकांची इंगळी रोज डसत होती, त्यानेंच दुसऱ्याची शंका दूर केली. वेदना ज्यानें भोगली त्यालाच दुसऱ्याच्या वेदनेचें ठिकाण अचूक सांपडतें.

२९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांच्या शंका तेथें संपल्या नाहींत. एका अर्थानें तेथें त्या सुरू झाल्या. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचें देवत्व, चर्चचा अधिकार यांविषयीं त्यांनीं सिस्टर जेराल्डीन व चेल्टनहॅमच्या विद्यालयाच्या प्रमुख डोरोथिया बील यांच्याशीं प्रदीर्घ पत्रव्यवहार केला. शाकाहार त्यांनीं सोडला नाहीं. गळ्यांतील क्रूसावर लॅटिन अक्षरें कशाला, आपली संस्कृत कां नको, असाहि त्यांचा सवाल होता. सिस्टर जेराल्डीन यांना यांत अहंकार दिसला. रमाबाईंचें म्हणणें वेगळें होतें. एका पुरोहितवर्गाच्या सत्तेंतून सुटून दुसऱ्याच्या सत्तेखालीं जाण्यासाठीं आपण ख्रिस्ती झालों नाहीं. ख्रिस्ताचें वचन मान्य, पण प्रत्येक पाद्र्याच्या तोंडचा शब्द मान्य नाहीं, असा त्यांच्या उत्तरांचा आशय होता. गोऱ्हे शंकेनें त्रस्त होऊन चर्चच्या अधिकाराकडे वळले. रमाबाई शंका घेऊन त्या अधिकारासमोर ताठ उभ्या राहिल्या. दोघांची वाट भिन्न, तरी दोघांनींहि मूळ निष्ठा सोडली नाहीं. हें भिन्नत्व ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. कारण संशयावर सर्वांना लागू पडणारें एकच औषध आहे, अशी समजूत करून घेणें घातक असतें.

स्वदेशीं परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईंत त्यांनीं शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. धर्माच्या बाबतींत संस्था तटस्थ राहील या भरंवशावर हिंदु पुढाऱ्यांनीं साह्य केलें होतें. १८९३ मध्यें तो भरंवसा मोडला अशी तक्रार उठली व न्यायमूर्ति रानडे आणि डॉक्टर भांडारकर यांनीं सल्लागार मंडळांतून अंग काढून घेतलें. बऱ्याच मुली पालकांनीं परत नेल्या. तक्रार करणाऱ्यांची बाजू गैरवाजवी होती असें म्हणतां येत नाहीं. आणि आपण उघडपणें जी प्रार्थना करतों तिचें दार मुलींना बंद करणार नाहीं, या रमाबाईंच्या भूमिकेंतहि आडपडदा नव्हता. याच सुमारास त्यांच्या अंतर्यामींहि मोठी उलथापालथ झाली होती. आपल्याला ख्रिस्ती धर्म सांपडला, पण ख्रिस्त सांपडला नाहीं, असें त्यांना बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनीं, १८९१ च्या सुमारास, जाणवलें. एवढी कबुली जगासमोर देण्यास धैर्य लागतें. जी बाई धर्मासाठीं आप्त, देश व कीर्ति पणास लावून बसली, तिनें ‘अजून मूळ वस्तु हातीं आली नव्हती’ असें म्हणावें, हें सामान्य मनाचें काम नव्हे.

त्या कबुलीनंतर त्या थांबल्या नाहींत. १८९६-९७ च्या दुष्काळांत त्यांनीं शेंकडों निराधार मुलींना आश्रय दिला. केडगांवचें मुक्तिसदन उभें राहिलें. वयाच्या उत्तरार्धांत त्यांनीं हिब्रू व ग्रीक भाषांचें अध्ययन करून संपूर्ण बायबलाचें सोप्या मराठींत भाषांतर केलें. १९२१ मध्यें एकुलती एक कन्या मनोरमा वारली. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या स्वतः निवर्तल्या. आणि केडगांवच्या छापखान्यांत तयार झालेलें तें बायबल १९२४ मध्यें पूर्ण होऊन बाहेर पडलें. तरुणपणीं ज्या पुस्तकाविषयीं शंका विचारल्या, त्याच पुस्तकाच्या एकेका शब्दाचा अर्थ लावण्यांत त्यांनीं आयुष्याचीं शेवटचीं वर्षें वेंचलीं.

कल्याणशीं निकटचा संबंध असलेलें तिसरें नांव रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचें. त्यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, कोंकणांतील करजगांवचा. परंतु बालपणाचीं कांहीं वर्षें कल्याणास गेलीं. १८९३ मध्यें, म्हणजे ठाण्यांत मराठी ग्रंथसंग्रहालयाची स्थापना झाली त्याच सालीं, नागपूरहून राजनांदगांवास जात असतां आगगाडीच्या डब्यांत एका परदेशी प्रवाशानें त्यांच्या हातीं नवा करार दिला. टिळकांनीं तो वाचण्याचें वचन दिलें व पाळलें. डोंगरावरील प्रवचनापाशीं ते खिळून राहिले. तरी तेथून १० फेब्रुवारी १८९५ च्या बाप्तिस्म्यापर्यंतचा काळ शंका, पत्रव्यवहार व मानसिक यातना यांनीं भरलेला आहे. बाप्तिस्म्यानें पत्नी व मूल दुरावलें. लक्ष्मीबाईंनीं त्या वियोगाची हकीकत ‘स्मृतिचित्रें’ या आत्मचरित्रांत ज्या सरळपणें सांगितली आहे, त्यास मराठींत तोड नाहीं. पतीच्या निष्ठेची किंमत पत्नीला द्यावी लागली, हें त्या पुस्तकाचा कोणताहि वाचक विसरूं शकत नाहीं. पुढें लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या, पण लगेच धर्म बदलला नाहीं. पतीनें विचार केला म्हणून नव्हे, तर सोंवळें-ओंवळें व जातिभेद देवानें केला कीं माणसानें, हा प्रश्न स्वतःच्या मनाशीं सोडविल्यावर, १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. टिळकांनींहि त्यांच्यावर सक्ति केली नाहीं. शंकेला तिचा पुरता अवधि देणें, हीहि श्रद्धेचीच एक खूण होय.

टिळकांचा अस्वस्थपणा पुढेंहि शमला नाहीं. ख्रिस्त आपला, पण त्याच्यावर चढविलेला परदेशी पोशाख आपला नव्हे, ही जाणीव त्यांना बोचत राहिली. १९१७ मध्यें मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनीं साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ मांडला व बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांनाहि तेथें येण्याचें आमंत्रण दिलें. ९ मे १९१९ रोजीं त्यांचा अंत झाला. ‘ख्रिस्तायन’ हें महाकाव्य अपुरें राहिलें, तें पुढें लक्ष्मीबाईंनीं पुरें केलें. ज्या धर्मानें एके काळीं संसार दुभंगला, त्याच धर्माचें पतीनें अर्धवट टाकलेलें काव्य पत्नीनें हातीं घ्यावें, यांत दोघांच्याहि निष्ठेचा निर्वाळा मिळतो.

हा अनुभव महाराष्ट्रापुरताच नाहीं. कलकत्त्याच्या मदर टेरेसा १९९७ मध्यें वारल्या. दहा वर्षांनीं त्यांचीं खाजगी पत्रें प्रसिद्ध झालीं, तेव्हां जग चकित झालें. जवळजवळ पन्नास वर्षें या बाईंना प्रार्थनेंत ईश्वराचें सान्निध्य जाणवलें नव्हतें. आंत अंधार होता व ओठांवर हंसूं होतें. कित्येकांनीं त्यावरून त्यांच्या श्रद्धेबद्दल शंका घेतली. परंतु रोज पहांटे उठून मरणोन्मुख माणसांच्या जखमा धुणारे हात ज्या अंधारांत थांबले नाहींत, त्या अंधाराला अश्रद्धा म्हणणें कठीण आहे. २०१६ सालीं रोमन चर्चनें त्यांना संतपद दिलें, तें हीं पत्रें पुरतीं ठाऊक असतांना. आणि मराठी मनाला तर ही गोष्ट नवी वाटूं नये. देव भेटत नाहीं म्हणून त्याच्याशींच भांडणारे, आपल्या मनाचा कोरडेपणा त्याच्याच पायांपाशीं मांडणारे तुकोबा ज्या भाषेंत झाले, त्या भाषेला संशय व भक्ति यांचें शेजारपण पूर्वींपासून परिचित आहे.

या साऱ्या चरित्रांवरून दोन-तीन गोष्टी उघड होतात. पहिली ही कीं, शंका व अश्रद्धा या दोन भिन्न वस्तु आहेत. शंका उत्तर मागते. अश्रद्धेला उत्तराची गरज उरलेली नसते. दुसरी गोष्ट, निष्ठा ही मनाच्या त्या त्या घटकेच्या अवस्थेवर अवलंबून नसते. मन भरतीओहोटीसारखें आहे. ओहोटीच्या वेळीं खाडींतील होडी चिखलांत रुतते, म्हणून कोळी ती मोडून टाकीत नाहीं. तो दोर पक्का करतो, जाळें दुरुस्त करीत बसतो व पाण्याची वाट पाहतो. जोर्दानुसचें पत्रलेखन, गोऱ्ह्यांची उपासना, रमाबाईंचें भाषांतर हीं सारीं ओहोटीच्या वेळचीं कामें होत. आणि तिसरी गोष्ट, या माणसांनीं आपली शंका कोणापाशीं तरी बोलून दाखविली. जोर्दानुसनें दूरच्या बंधूंना लिहिलें, गोऱ्ह्यांनीं स्नेह्यांना, रमाबाईंनीं आपल्या शिक्षिकांना. मनांत कोंडलेली शंका विष होते. बोललेली शंका प्रश्न होते, व प्रश्नाला उत्तराची आशा असते.

इतकें खरें कीं, ज्यांना शेवटपर्यंत उत्तर सांपडलें नाहीं व ज्यांनीं प्रामाणिकपणें वाट बदलली, अशीहि माणसें पुष्कळ झालीं. त्यांना दोष देण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. नीळकंठशास्त्र्यांनीं वाट बदलली तेव्हां काशीच्या पंडितांना तेंच दुःख झालें होतें. इतिहास इतकेंच सांगूं शकतो कीं, निष्ठावंतांची ओळख त्यांच्या निःशंकपणावरून पटत नाहीं. शंकेच्या दिवसांत त्यांनीं काय केलें, यावरून पटते. सातशें वर्षांपूर्वीं ठाण्याच्या बंदरांत आजारानें जर्जर झालेल्या एका परक्या माणसानें मदतीची याचना करणारें पत्र लिहिलें. मदत कधीं येईल हें त्याला ठाऊक नव्हतें. पत्र रवाना झालें, आणि ठाणें ते सोपारें या वाटेवरचें त्याचें काम चालू राहिलें.